अस्तरातलं दुकान

…आणि वर मलाच विचारतो, "कुठून कापू?" अहो, कुठून कापू काय? कलिंगड आहे का ते? कोट आहे माझा! टेबलावर उताणा पडलाय, बाह्या दोन्हीकडे लोंबतायत, एक धिप्पाड गडी खोकी फोडायचं ब्लेड घेऊन त्याच्यावर वाकलाय, आणि ज्यानं तो कोट शिवला तो मी, पिवळ्या रेघेच्या अलीकडे हात मागे बांधून उभा! का? तर म्हणे नियम! पैसा माझा, कोट माझा, टाका माझा, आणि रेघेच्या अलीकडे कोण? मीच! शी! तुम्हाला सांगतो, आता नुसतं परदेश म्हटलं तरी मला मळमळतं.

नाही, हसू नका. आधी सगळं ऐका, मग काय हसायचं ते हसा.

मी शिंपी. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तीही तिकडे शिवते. कुठे? भाड्याच्या खोलीत, पलंग आणि खिडकी यांच्या मधल्या बोळात! मशीन तिथं बसलं की ती बसत नाही, आणि ती बसली की दार उघडत नाही. जावई झोपला की त्याच्या पायांवर कापड पसरून बेतते. तर तिला एक गाळा मिळत होता. रस्त्याला लागून. मालकानं सांगितलं, या दिवशी संध्याकाळपर्यंत अनामत माझ्या हातात पडली पाहिजे, नाहीतर मोबाइलवाला टपून बसलाय. मुलीनं आमच्याकडे पैसे मागितले नाहीत हो. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, काचेचं दार आहे." बस्स. आता बापानं काय करायचं? होती नव्हती ती शिल्लक काढली आणि दोन तिकिटं काढली.

बँकेतून का नाही पाठवले म्हणता? गेलो होतो ना! तिथला साहेब म्हणाला, "पोचायला आठवडा तरी लागेल, आणि मधल्या बँका थोडे थोडे कापून घेतील." मी म्हटलं, "कापायचं काम माझं, तुमचं कुठून आलं?" तो हसलासुद्धा नाही. मग नोटा बदलून देणाऱ्याकडे गेलो. खिडकीवर फळा, फळ्यावर एकाच नोटेचे दोन भाव. घेताना एक, देताना एक! म्हणजे मी त्याच्याकडून नोट घेतली आणि उभ्या उभ्या त्यालाच परत दिली, तरी मी भिकेला लागलो! मी विचारलं, "का हो, मधल्या मध्ये नोट आटली का?" तर म्हणतो, "काका, जगात सगळीकडे असंच असतं." असतं? माझी टेप घेताना लांब आणि देताना आखूड झाली असती ना, तर लोकांनी मला दुकानातून फरफटत बाहेर काढलं असतं! याला मात्र वातानुकूलित खोली, फिरती खुर्ची, आणि वर पावतीवर शिक्का. पासपोर्ट दाखवा, तिकीट दाखवा, पैसे कुठून आले सांगा. कुठून येणार? सुईच्या नाकातून आले!

बरं, नोटा मिळाल्या. आता न्यायच्या कशा? इथे उगवला माझा मेहुणा. आमच्या हिचा धाकटा भाऊ. एकदाच परदेशी गेलाय, तेही कंपनीच्या खर्चानं, आणि हॉटेलच्या बाहेर पडला नाही तो, पण बोलायला लागला की वाटावं सगळ्या सरहद्दी यानंच आखल्यात. पायावर पाय टाकून म्हणतो, "भावोजी, तीन गोष्टी. पैसे बॅगेत ठेवायचे नाहीत, बॅगा फोडतात. खिशात ठेवायचे नाहीत, खिसे मारतात. आणि कस्टमवाल्यांना सांगायचं म्हणजे सांगायचंच नाही!" मी म्हटलं, "मग ठेवू कुठे, डोक्यात?" तर म्हणतो, "तुम्ही शिंपी ना?"

लागलं ते मनाला! म्हटलं, बघच आता. माझा काळा कोट काढला, अस्तर उसवलं, पातळ प्लॅस्टिकचे तुकडे करून त्यात एकेक नोट सपाट घातली, आणि अस्तर आणि आतला कॅनव्हास यांच्या मधे छातीपासून पाठीपर्यंत पसरत नेली. एकावर एक नाही हां! फुगवटा दिसतो. मग मेण लावलेला धागा, दुहेरी टाके, आणि प्रत्येक नोटेभोवती वेगळं कुंपण. सांगतो तुम्हाला, बाहेरून इस्त्री फिरवली आणि माझं मलाच कळेना कुठे काय आहे! मेहुण्यानं चाचपून पाहिलं, म्हणाला, "भावोजी, मानलं. एकसुद्धा नोट बाहेर ठेवू नका." नाही ठेवली. एक म्हणजे एक नाही! लक्षात ठेवा हे, पुढे याच्यामुळेच माझी शोभा झाली.

निघालो. विमानतळावर पहिली आरोळी, "कोट काढा!" कुठे काढू? तर ट्रेमध्ये ठेवा. त्या ट्रेमध्ये माझ्या आधी कोणाचे तरी बूट होते हो! ओले! जगभरचे लोक जगभरची घाण तुडवून येतात आणि त्याच ट्रेमध्ये माझा कोट, माझ्या मुलीचं दुकान! शी शी शी! कोट त्या काळ्या तोंडातून आत गेला, आणि इकडे माझा जीव खालीवर. आता शिट्टी वाजेल, आता धरतील… पट्टा थांबला. पोरगेलासा शिपाई म्हणाला, "काका, इकडे या." संपलं! मी हिच्याकडे पाहिलं, हिनं डोळे मिटलेले. आणि तो काय काढतो? पिशवीतून माझी कात्री! नोटांनी खचाखच भरलेला कोट याला दिसला नाही, कात्री दिसली! "हे आत नेता येणार नाही." मी म्हटलं, "अरे, शिंप्याची कात्री आहे, मी काय विमान कापणार आहे?" तर म्हणतो, "नियम आहे." टाकली डब्यात! लग्नाच्याही आधीपासूनची कात्री, नेलकटरांच्या आणि अर्धवट प्यायलेल्या बाटल्यांच्या ढिगात! आणि दहा पावलं पुढे जातो तर झगमगीत दुकान, तिथे काचेच्या दारूच्या बाटल्या विकतायत. काचेच्या! त्या फोडून कोणाच्या अंगावर धावता येत नाही का? पण त्याला नियम नाही, कारण त्याचे पैसे मिळतात. किळस येते हो, किळस!

विमानात बसलो तर नवीनच संकट. कोट वाजायला लागला. प्लॅस्टिक ना आत! मी श्वास घेतला की कुरकुर, सोडला की कुरकुर. शेजारचा माणूस माझ्याकडे बघतोय, मला वाटतं त्याला वाटलं याचं पोट बिघडलंय. ही कानाशी, "अहो, हलू नका." मी म्हटलं, "अगं, श्वास घेतोय." तर म्हणते, "मग हळू घ्या." घामाच्या धारा लागल्या. ती हवाई बाई गोड हसत आली, "कोट द्या, अडकवून ठेवते." मी असा ओरडलो म्हणता, "नाही!" की पुढच्या रांगेतलं मूल रडायला लागलं.

आणि मग तिनं कागद दिला. कस्टमचा. भरायचा. त्यावर प्रश्न, तुमच्याजवळ अमुक रकमेपेक्षा जास्त पैसे आहेत का? होय की नाही, खूण करा. आणि खाली बारीक अक्षरात, वाचताच येणार नाही अशा अक्षरात, की कितीही पैसे आणा, आमची हरकत नाही, पण सांगा. नाही सांगितलेत आणि सापडलात, तर सगळे जप्त. सगळे! म्हणजे आणणं गुन्हा नाही, न सांगणं गुन्हा, आणि मेहुणा काय म्हणाला होता? सांगायचंच नाही! मी म्हटलं, "आपण दोघांत वाटून दाखवू, मग प्रत्येकाचे कमीच भरतील." हिनं कागद उलटा करून दाखवला, "कुटुंबाचे एकत्र मोजतात, लिहिलंय इथे." बघा, नवराबायको एकत्र आहेत हे यांना फक्त पैसे मोजतानाच आठवतं!

"मग 'नाही' लिहू का?" मी विचारलं. "धाकट्यानं सांगितलंय तसं?"

हिनं ती बारीक अक्षरं पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली. मग म्हणाली, "होय लिहा. माझ्या तोंडावरून त्यांना कळेल. आणि एकदा का ते जप्त झाले, तर पोरीला काय सांगायचं?" लिहिलं होय. रक्कम लिहिली, कशासाठी ते लिहिलं, गाळ्याचा पत्तासुद्धा लिहिला. म्हटलं, घ्या, सगळी कुंडली घ्या!

उतरलो. दुपार झालेली, संध्याकाळपर्यंत गाळा गाठायचा. बॅगा घ्यायला गेलो, तिथे ढकलगाड्यांची रांग. ओढतो तर गाडी निघेना. साखळीनं बांधलेली! एक नाणं घातलं की सुटते म्हणे. तिकडचं नाणं. आता कुठून आणू? खिशात आपल्याकडच्या नोटा, त्या गाडीच्या तोंडात जात नाहीत. बाजूला नोटा बदलायची खिडकी, तिथल्या बाईनं आपली नोट दोन बोटांनी उचलून उजेडात धरली, जणू मी तिला मेलेलं झुरळ दिलंय, आणि परत सरकवली. म्हणाली, ही घेत नाही आम्ही! ऐकलंत? अंगावर अख्खं दुकान घेऊन उभा आहे मी, आणि मला एक ढकलगाडी मिळत नाही! पाणी प्यायला पैसे नाहीत! पैसा माझा, कोट माझा, टाका माझा, आणि दोन बॅगा दोन खांद्यांवर घेऊन हमालासारखा चाललोय कोण? मीच!

आलो कस्टमला. 'होय' वाल्यांची रांग वेगळी. त्या रांगेत आम्ही दोघंच! बाकी सगळं जग 'नाही'च्या रांगेतून शिट्ट्या वाजवत बाहेर पडतंय. टेबलापलीकडे एक बाई, वर्दीतल्या, केस करकचून बांधलेले. बाई त्यांच्या भाषेत बोलत होत्या, मी मुलीनं शिकवलेल्या तोडक्यामोडक्या वाक्यांत, पण तुम्हाला आपलं सरळ सांगतो.

"पैसे आहेत?"

"आहेत."

"कुठे?"

"कोटात."

"काढा."

"निघत नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"शिवलेत आत. एक कात्री देता का?"

बघा हं, कस्टमच्या बाईंकडे मी कात्री मागितली! आजूबाजूचे दोघे शिपाई पुढे सरकले. मी म्हटलं, "अहो, माझी होती, पण तुम्ही काढून घेतलीत… तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, तिकडच्यांनी… ते पण तुमच्यासारखेच…" ही मागून कोट ओढतेय, गप्प बसा म्हणून, आणि कोट वाजतोय कुर्र कुर्र!

बाईंनी मग कोट काढायला लावला आणि टेबलावर पसरला. म्हणाल्या, "लपवायचे होते तर सांगितलेत कशाला? आणि सांगायचे होते तर लपवलेत कशाला?"

काय सांगू? मेहुण्याचं नाव सांगू? मी म्हटलं, "चोरांपासून लपवले, तुम्हाला सांगितले." तर म्हणतात, "इथे चोर नाहीत." तसलाच दोन भावांचा फळा तर त्यांच्या पाठीमागेच होता! पण बोट दाखवलं नाही. दुकान त्यांच्या टेबलावर होतं ना.

आणि मग आला तो धिप्पाड गडी, ब्लेड घेऊन. मला रेघेच्या मागे उभं केलं. प्रवाशाच्या हातात धार द्यायची नाही म्हणे. त्यानं "कुठून कापू?" विचारत पातं टेकवलं, आणि मी असा किंचाळलो, "थांब! नोट कापशील!" कारण कापलेली नोट तो फळ्यावाला घेईल का? मालक घेईल? पोरीचं काचेचं दार माझ्या डोळ्यांसमोर दोन तुकडे होऊन पडलं हो! मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "बाई, याला सांगा, ताणू नको. शिवणीच्या कडेनं जा, एकेक टाका घे. मुलीचं आहे ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्या गड्याला बाजूला केलं, स्वतःच्या पर्समधून नखं कापायची इवलीशी कात्री काढली आणि म्हणाल्या, "सांगा. कुठून?"

आणि सुरू झालं! मी रेघेमागून ओरडतोय, "डावीकडून! बगलेच्या खाली! तो नाही, त्याच्या पलीकडचा टाका!" आणि सरकारची बाई चष्मा नाकावर ओढून माझं अस्तर उसवतेय. पहिली नोट निघाली, अख्खी. दुसरी निघाली. थोड्या वेळानं बाईच म्हणायला लागल्या, "हा टाका बाहेरून दिसतच नाही." मी म्हटलं, "दिसला तर टाका कसला?" छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू. सगळ्या नोटा निघाल्या, मशीननं मोजल्या, कागदावरच्या रकमेशी जुळल्या. बरोब्बर! म्हटलं, सुटलो. बाईंनी कोट उचलला, मला द्यायला हात पुढे केला…

कुर्र.

मी म्हटलं, भास झाला. बाईंनी कोट हलवला. कुर्र! रिकामा कोट, आणि वाजतोय! बाईंचं तोंड एकदम दगडासारखं झालं. "आणखी किती आहेत?" मी म्हटलं, "नाहीत! मुलीची शपथ, नाहीत!" त्यांनी खांदा चाचपला, मान चाचपली, आणि कॉलरच्या आत, तुम्हाला सांगतो, कॉलरच्या आत, जिथं मी स्वतः इस्त्री फिरवली तिथं, प्लॅस्टिकमधली एक घडी लागली बोटाला. नोटा! तिकडच्याच! रक्कम कागदापेक्षा जास्त. म्हणजे काय? म्हणजे खोटं लिहिलं! म्हणजे सगळं जप्त! बाहेर ऊन उतरायला लागलेलं, तिकडे मोबाइलवाला, इकडे हा कोट!

तेव्हा आमची ही पुढे आली. पिवळी रेघ ओलांडून! शिपाई बघतच राहिला. बाईंसमोर उभी राहून म्हणते कशी, "ते माझे आहेत. घरखर्चातून साठवलेले. पोरीला नवीन मशीन घ्यायला. मी ह्यांना सांगितलं नाही, तर तुम्हाला कुठून सांगणार?"

मी हिच्याकडे बघतोय, आणि मला आधी काय सुचलं सांगू? पैसे नाही. जप्ती नाही. म्हटलं, "अगं, पण… टाका कोणी घातला?"

"मी."

"कधी?"

"तुम्ही अंघोळीला गेला होतात."

माझ्या कोटाच्या कॉलरला! माझ्या अंघोळीत! आणि मला दिसला नाही! मी, ज्याला रस्त्यावरच्या माणसाची उसवलेली शिवण पलीकडच्या फुटपाथवरून दिसते, त्याच्या मानेवर हिनं शिलाई मारली, मी ती मान घेऊन इतके देश ओलांडले, आणि मला पत्ता नाही! सगळा जन्म ही माझ्या शेजारी बसून तुरपाई करत होती, आणि मला वाटत होतं, करतेय आपली. पैसा तिचा, कोट माझा, आणि टाका… टाका तिचा हो! परदेशात येऊन, सरकारी टेबलापुढे, हे कळायचं होतं मला!

बाई हसल्या. पहिल्यांदा. आधी ओठ दाबून धरले, मग राहवेना. त्यांनी कागदावरची रक्कम खोडली, हिच्याकडून नवीन लिहून घेतली, दोघांच्या सह्या घेतल्या, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "जा." मी म्हटलं, "कर? दंड?" "काही नाही. फक्त सांगायचं असतं." फक्त सांगायचं असतं! ऐकलंत? एवढ्यासाठी मेण लावलं, घाम गाळला, अख्खं विमान रडवलं! त्या मेहुण्याला मी आता… जाऊ दे.

गाळ्याशी पोचलो तेव्हा मालक कुलूप लावत होता आणि मोबाइलवाला दाराशी उभा होता, हातात पाकीट. मी अस्तर लोंबणारा कोट घालून धावत गेलो, मला बघून दोघेही दोन पावलं मागे सरले. तिथंच वाट बघत उभ्या असलेल्या मुलीनं नोटा मोजून मालकाच्या हातावर ठेवल्या. किल्ली घेतली, आणि काचेच्या दाराला कपाळ टेकवून उभी राहिली. त्या एवढ्या वेळात मला कशाचीच किळस आली नाही, हेही सांगून टाकतो.

मग दुकान उघडलं. गिऱ्हाईक कोण येणार, नवीन दुकान! दोन दिवस आम्ही तिघं काचेतून रस्ता बघत बसलेलो. तिसऱ्या दिवशी दार उघडून कोण आत यावं? त्याच बाई! वर्दीत नाही, साध्या कपड्यात, हातावर एक जाकीट. म्हटलं, आता काय राहिलं? तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणतात, "पत्ता कागदावर होता तुमचा. मी पुढच्या महिन्यात परदेशी चाललेय. यात आतून एक खिसा हवा. कोणाला सापडणार नाही असा."

मी म्हटलं, "बाई, तुम्हीच ना म्हणालात, फक्त सांगायचं असतं?"

तर म्हणतात, "इथे हो. तिकडचे कस्टमवाले कसे निघतील, काय भरवसा!"

गळ्यातली टेप काढली आणि जाकिटाला हात घातला. बाईंनी जाकीट मागे ओढलं. म्हणाल्या, "तुम्ही नको. तुमच्या कॉलरमधला टाका तुम्हालाच दिसला नाही. बाईंना बोलवा."

बोलावलं. ही मशीनवर बसली, बाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, दोघींच्या गप्पा रंगल्या. मला म्हणाल्या, तुम्ही बटणं लावा.

लावतोय.